गाडीचा सायलेन्सर: दुरुस्ती कधी, बदली कधी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धुळ्यातल्या आमच्या गॅरेजवर शिरपूर, शहादा, चोपडा, चाळीसगावकडून जे प्रश्न सतत येत राहतात, ते इथे एकत्र केले आहेत. बरेच जण गाडी सुरू करून आवाज रेकॉर्ड करतात, पाठवतात आणि विचारतात, "भाऊ, किती खर्च येईल?" आवाजावरून अंदाज बांधता येतो, पण निर्णय गळती कुठे आहे यावर होतो. मागच्या नळीजवळ भोक असेल तर हाताशी चार दिवस असतात. इंजिनजवळ किंवा बसायच्या जागेखाली असेल तर गाडी त्याच दिवशी दाखवायची.

१. सायलेन्सर म्हणजे नेमका कोणता भाग? प्रत्येक मिस्त्री वेगळं नाव सांगतो.

आपल्याकडे इंजिनपासून मागच्या नळीपर्यंतच्या सगळ्या लाइनला सायलेन्सरच म्हणतात, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. इंजिनला चिकटलेला असतो तो मॅनिफोल्ड. त्याच्या सांध्यात पॅकिंग असतं. पुढे धूर स्वच्छ करणारा कॅटलिटिक कन्व्हर्टर (गॅरेजच्या भाषेत 'कॅट') आणि त्याच्या आगेमागे ऑक्सिजन सेन्सर. मग स्टीलच्या जाळीचा लवचीक पाइप, मधला डबा, मागचा डबा आणि शेवटची नळी. ही सगळी लाइन गाडीच्या पोटाखाली रबरी कड्यांवर टांगलेली असते, आणि गरम भागांवर उष्णता अडवणारे पातळ पत्रे असतात. आवाज दाबण्याचं काम फक्त डब्यांचं.

"सायलेन्सर गेला" असं कुणी सांगितलं तर "कोणता भाग गेला, दाखवा" एवढं म्हणा. रबर काही रुपयांत येतं, कॅट हजारोंत जातो.

२. आवाजावरून काय ओळखायचं?

सकाळी थंड गाडी सुरू केल्यावर इंजिनजवळ टिक-टिक किंवा फट-फट येते आणि दहा मिनिटांनी बंद होते, तर मॅनिफोल्डचं पॅकिंग किंवा मॅनिफोल्डला गेलेली बारीक चीर. धातू तापून फुगतो आणि फट मिटते, म्हणून आवाज थांबतो. "गाडी गरम झाली की बरी होते" म्हणून लोक हाच दोष वर्ष-वर्ष ओढतात. तो आपोआप बरा होत नाही, चीर लांबत जाते.

गतिरोधकावर खालून टण्णकन आवाज आला, की रबरी कडं तुटलंय आणि पाइप बॉडीला आपटतोय. एकच कडं तुटलेलं असताना बदललं तर काम तिथेच संपतं. नाही बदललं तर सगळं वजन पुढच्या सांध्यावर येतं आणि तो सांधा फुटतो.

पत्रा थरथरल्यासारखी किणकिण एका ठरावीक वेगालाच येत असेल तर बहुधा उष्णता अडवणाऱ्या पत्र्याचा बोल्ट गंजून सुटला आहे. तो पत्रा काढून फेकू नका (प्रश्न १३). डब्यात खडे भरल्यासारखी खडखड असेल तर आतले पडदे तुटलेत किंवा कॅटमधली सिरॅमिकची वीट फुटली आहे. रबराच्या हातोडीने हलकेच ठोकून कोणता डबा बोलतो ते कळतं. आणि एकूणच गाडी ट्रॅक्टरसारखी घुमायला लागली तर कुठेतरी सरळ भोक पडलंय.

३. घरी तपासता येईल का?

येईल, गाडी पूर्ण थंड असताना आणि मोकळ्या अंगणात. बंद शेडमध्ये हे कधीही करू नका.

आधी बॅटरी घेऊन खाली वाकून पाहा. सांध्यावर काजळीचा काळा फराटा दिसला तर तिथून धूर निसटतोय, हा सगळ्यात भरवशाचा पुरावा. तांबूस वरवरच्या गंजाला घाबरू नका. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने टोचा: टोक आत गेलं किंवा पापुद्रे निघाले तर पत्रा संपला.

मग एकाने गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून सुरू ठेवायची आणि दुसऱ्याने जाड ओला फडका मागच्या नळीवर चार-पाच सेकंद दाबून धरायचा. लाइन घट्ट असेल तर फडका हाताला जोरात मागे लोटतो. गळती असेल तर पोटाखालून फुसफुस ऐकू येते. यापेक्षा जास्त वेळ धरायचा नाही. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही, कितीही घाई असली तरी.

४. "मनी गाडी सकाय सकाय सायलेन्सरमाईन पाणी टाकस. इंजिन गयं का?"

नाही भाऊ, काही गेलेलं नाही. पेट्रोल जळताना वाफ तयार होते. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं. थंड नळीत त्याचे थेंब होतात. हिवाळ्यात पांढरी वाफही दिसते आणि पाच-दहा मिनिटांत जाते.

त्रास वेगळ्याच लोकांना होतो. रोज दोन किलोमीटर दुकानापर्यंत आणि दोन परत, एवढीच गाडी चालली तर डबा नीट तापत नाही आणि पाणी आतच साचून राहतं. खान्देशात हवा कोरडी, समुद्र लांब, तरी डबे गंजतात ते असे आतून. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास सलग गाडी चालवा, डब्याचं आयुष्य वाढतं.

५. धुराचा रंग बदलला तर सायलेन्सर बदलायचा का?

नाही. रंग इंजिनचा असतो, सायलेन्सर फक्त दाखवतो. निळसर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी, गाडी तापल्यावरही न थांबणारा दाट पांढरा म्हणजे पेट्रोल गाडीत बहुतेक वेळा कूलंट आत जातंय. कुजक्या अंड्यासारखा वास मात्र कॅटशी संबंधित असतो; त्याबद्दल प्रश्न १०.

६. एसी लावून काचा बंद केल्या की आत धुराचा वास येतो, डोकं जड होतं. एवढं मनावर घ्यायचं का?

घ्यायचं. या पानावरचं हे एकच उत्तर वाचलंत तरी चालेल.

धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्याला येतो तो इतर वायूंचा वास. वास आला नाही म्हणजे धोका नाही असं नसतं. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून अधिक ओढीने या वायूला धरतं, त्यामुळे थोडा वायूही शरीराचा ऑक्सिजन तोडतो. डोकं दुखतं, मळमळतं, सुस्ती येते, मग झोप लागते.

आपल्याकडे यात एक फसगत होते. वैशाखात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांच्या आसपास असताना मळमळलं की सगळे म्हणतात ऊन लागलं. कांदा हुंगतात, लिंबूपाणी पितात, काचा आणखी घट्ट लावतात. ओळखायची खूण अशी: गाडीतल्या सगळ्यांना एकाच वेळी त्रास होतो आणि उतरून मोकळ्या हवेत उभं राहिलं की उतरतो. असं झालं तर काचा उघडा, गाडी थांबवा, सगळ्यांना बाहेर काढा. कुणी गुंगीत असेल तर १०८ ला फोन करा आणि दवाखान्यात धूर लागल्याचं आवर्जून सांगा.

धूर आत शिरतो तो जमिनीच्या गंजलेल्या भोकातून, वायरिंगच्या निघालेल्या रबरी बुचातून किंवा डिकीच्या झिजलेल्या रबरातून. एसी 'आतली हवा फिरव' वर ठेवल्याने हा वायू थांबत नाही, उलट साचतो. गळती बंद करणं हाच उपाय.

७. सायलेन्सर चांगला आहे, तरी वास येतो. असं होऊ शकतं का?

होतं. कपाशीची गाठोडी किंवा लग्नाचं सामान भरून मागचा दरवाजा दोरीने अर्धवट बांधून लोक गाडी हाकतात. धावत्या गाडीच्या मागे हवेची पोकळी तयार होते आणि नळीतला धूर त्या उघड्या दरवाजातून आत ओढला जातो. सामान कॅरियरवर बांधा किंवा दोन फेऱ्या करा. फारच अडलं तर पुढच्या काचा पूर्ण उघड्या आणि पंखा बाहेरची हवा घेणारा.

८. सारंगखेड्याच्या यात्रेत गाडीतच मुक्काम असतो. थंडीत इंजिन चालू ठेवून हीटर लावून झोपलं तर?

झोपू नका. दत्तजयंतीच्या सुमाराला तापीकाठी थंडी चांगलीच असते हे मान्य, पण उभ्या गाडीचा धूर वारा नसेल तर गाडीभोवतीच राहतो, आणि सायलेन्सरला गळती असेल तर थेट खालून आत येतो. झोपलेल्या माणसाला डोकेदुखी कळत नाही. इंजिन बंद, काच बोटभर उघडी, अंगावर गोधडी. उन्हाळ्यात एसी लावून झोपणाऱ्यांनाही हेच उत्तर.

९. मागच्या डब्याला खालून बारीक भोक आहे, तिथून पाणी ठिबकतं. वेल्डिंग करून बुजवू का?

थांबा. काठ गोल, स्वच्छ आणि भोक दोन-तीन मिलिमीटरचं असेल तर ते कंपनीनेच साचलेलं पाणी काढायला ठेवलेलं आहे. ते बुजवलं की डबा आतून लवकर सडतो. काठ वेडेवाकडे, गंजाचे पापुद्रे आणि आजूबाजूचा पत्रा बोटाने दबतो, असं असेल तर ते गंजाचं भोक. त्यासाठी पुढचा प्रश्न.

१०. वेल्डिंग चालेल की नवाच टाकावा?

भोकाभोवतीचा पत्रा जाड आणि घट्ट असेल, दगड लागून चिरलं असेल किंवा जुना जोड उकलला असेल, तर वेल्डिंग करा, निर्धास्त करा. गंजाने पातळ झालेल्या डब्यावर वेल्डिंगला पकड मिळत नाही. आज एक भोक बुजवलं तर पुढच्या महिन्यात शेजारी दुसरं. दुसऱ्यांदा वेल्डिंगची वेळ आली की डबा बदला. मॅनिफोल्डची ओतीव चीर भरणं कौशल्याचं काम आहे आणि बहुतेक वेळा पुन्हा उकलतं, तिथे बदलीच बरी.

वेल्डिंगला बसण्याआधी बॅटरीची मायनस वायर काढायला सांगा, नाहीतर गाडीच्या कंप्युटरला धक्का बसू शकतो. गॅल्व्हनाइज्ड पाइप वापरू देऊ नका; तापल्यावर जस्ताचा धूर निघतो, वेल्डरच्या छातीला तो फार वाईट.

बिघडलेला कॅट वेल्डिंगने दुरुस्त होत नाही. कुजक्या अंड्याचा वास सतत येतो, तो गंधकाचा वायू. क्वचित, गाडी जोरात पळवल्यावर आला तर सोडून द्या. रोज येत असेल तर इंजिन जास्त इंधन घेतंय, ते आधी दुरुस्त करा. कारण न शोधता नवा कॅट टाकला तर तोही जळतो.

११. जाळीचा पाइप फुटला. मिस्त्री म्हणतो सरळ पाइप जोडून देतो, स्वस्तात होईल. करू का?

नको. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, रेस दिली की डोलतं. मागची लाइन बॉडीला टांगलेली. या दोघांमधला धक्का जाळीचा पाइप गिळतो. त्या जागी लोखंडी नळी जोडली की धक्का मॅनिफोल्डला आणि सांध्याला बसतो, आणि वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च येतो. जाळीचा सुटा पाइप बाजारात मिळतो, तेवढाच कापून बसवता येतो. तो पुन्हा-पुन्हा फुटत असेल तर इंजिनची माउंटिंग तपासा, खरा रोग तिथे असतो.

१२. ॲव्हरेज घटलं, चेक इंजिनचा दिवा लागला, लळिंगचा घाटही चढवेना. याचा सायलेन्सरशी काय संबंध?

दोन वाटांनी संबंध येतो. पहिली, ऑक्सिजन सेन्सरच्या आधी गळती. धूर ठोक्या-ठोक्याने बाहेर पडतो आणि दोन ठोक्यांच्या मधे बाहेरची हवा फटीतून आत ओढली जाते. त्या हवेतल्या जादा ऑक्सिजनमुळे सेन्सरला वाटतं इंधन कमी पडतंय, कंप्युटर पेट्रोल वाढवतो. पॅकिंग बदललं की ॲव्हरेज परत येतं.

दुसरी, कॅट जाम होणं. धूर बाहेर पडत नाही म्हणून ताजी हवा आत शिरत नाही. गाडी सुरू होते, सपाटीला बरी चालते, घाटात किंवा वेगात दम सोडते. सेन्सरच्या जागी प्रेशर गेज लावून मागचा दाब मोजला की पक्कं कळतं. मोजल्याशिवाय कॅट बदलू देऊ नका. स्कॅनरवर पी०४२० कोड आला तर तो 'कॅटचं काम कमी पडतंय' असं सांगतो, पण गळती किंवा बिघडलेला सेन्सरही हाच कोड आणतात.

कॅट मरतो बहुतेक मिसफायरने. एक प्लग मारत नसेल तर न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन पेटतं आणि आतली वीट वितळते. दिवा नुसता लागलेला न राहता लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घ्या. पेट्रोल गाडीला वारंवार धक्का मारून सुरू करणंही याच कारणाने टाळा.

१३. आपल्याकडच्या उन्हाने सायलेन्सर लवकर जातो का?

धातूला फरक पडत नाही. आतला धूर काही शे अंशांचा, कॅट नीट काम करायलाच तीनेकशे अंश लागतात; बाहेर २५ असो की ४५, त्याला सारखंच. रबरी कडी मात्र वाळून तडकतात. आखाजीला पाहुण्यांनी भरलेली गाडी काढण्याआधी ती एकदा बघून घ्या.

खरी भीती आगीची. शेतात गेल्यावर वाळलेलं गवत, गव्हाचं काड, पऱ्हाट्या यांवर गाडी उभी करू नका. तापलेल्या कॅटला चिकटलेलं काड पेटतं. केळीच्या बागेतून आल्यावर पोटाखाली वाळली पानं अडकलीत का पाहा. जळक्या प्लॅस्टिकचा वास येत असेल तर पाइपला चिकटलेली पिशवी शोधा. गाडी थंड झाल्यावर खरवडून काढता येते. उष्णता अडवणारे पत्रे आहेत ते यासाठीच.

१४. फरशी पुलावरून पाणी वाहत होतं, नळी बुडाली. आता?

इंजिन चालू असेल तर धुराचा दाब पाणी आत येऊ देत नाही, म्हणून पाण्यात गिअर बदलायचा नाही, रेस सोडायची नाही. गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा सुरू करू नका, ढकलून बाहेर काढा आणि तपासल्यावरच चावी फिरवा. तापलेला कॅट थंड पाण्यात बुडाला तर आतली वीट तडकू शकते. नंतर काही दिवसांनी खडखड सुरू झाली तर ती हीच. पाण्याला ओढ असेल तर मुळात उतरूच नका.

१५. कॅट काढून टाकला तर पिकअप वाढतो म्हणतात. खरं का?

चांगला कॅट काढून रस्त्यावरच्या गाडीत जाणवण्यासारखं काही मिळत नाही. मिळतो तो कायमचा लागलेला दिवा, उग्र धूर आणि कायद्याचा बडगा. कॅटमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, भंगारात त्याला चांगला भाव आहे. म्हणून बदलावाच लागला तर जुना परत मागा. हक्काचा आहे.

१६. सीएनजी गाडीचा सायलेन्सर लवकर सडतो का?

पाणी जास्त तयार होतं हे खरं: सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि एक किलो मिथेन जळलं की सव्वादोन किलो पाणी. लांब पल्ल्याच्या गाडीला त्याचा त्रास नाही, गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीला आहे. उपाय प्रश्न ४ मधलाच, आणि प्रश्न ९ मधलं भोक मोकळं ठेवा.

१७. २०२० नंतरची डिझेल गाडी आहे, डीपीएफचा दिवा लागलाय. फिल्टर बदलायचा?

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ (गाडीच्या धुराचे सरकारी निकष) लागू झालं आणि डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा हा फिल्टर सर्रास आला. साठलेली काजळी तो सुमारे ६०० अंशांना जाळून टाकतो, पण त्यासाठी सलग वेग लागतो. दिवा नुकताच लागला असेल तर धुळे-जळगाव हायवेवर वीस-पंचवीस मिनिटं एका वेगात चालवा, मधे बंद करू नका. बहुतेक वेळा दिवा विझतो. दिवा लाल झाला, लुकलुकला किंवा पिकअप गेला तर हा उपाय नाही, सर्व्हिस सेंटरला न्या. दर वेळी अर्ध्यावर बंद केलेल्या गाडीत डिझेल ऑइलमध्ये उतरतं, म्हणून डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली तर ऑइल बदला. ऑइलही कंपनीने सांगितलेलं कमी राखेचंच हवं.

१८. पीयूसी पास आहे. मग गळती नाही ना?

पीयूसी मागच्या नळीतला धूर मोजतं, पोटाखालची गळती शोधत नाही. फटीतून शिरलेली हवा धूर पातळ करते, त्यामुळे कार्बन मोनॉक्साइडचा आकडा खोटा चांगलाही दिसू शकतो. बीएस-४ पेट्रोल गाडीला आयडलवर ०.३ टक्के ही मर्यादा आहे. पण तिच्या चाचणीत लॅम्डाही (हवा आणि इंधनाच्या प्रमाणाचा आकडा) ०.९७ ते १.०३ मध्ये लागतो. कार्बन मोनॉक्साइडचा आकडा चांगला आणि लॅम्डा जास्त आला, तर मशीनला दोष देण्याआधी सांधे तपासा.

१९. मुलाने मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवलाय. दंड होतो का?

होतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार आवाज-प्रदूषणाचे नियम मोडल्यास पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र. रात्री दवाखान्यावरून, शाळेवरून तो आवाज जातो, हेही त्याला समजावून सांगा.

२०. सायलेन्सर किती किलोमीटरला बदलायचा?

असा आकडा नाही. पावसाळ्याआधी आणि दिवाळीआधी खालून एकदा पाहणी, एवढं पुरे. जुनी गाडी विकत घेणार असाल तर ती थंड असतानाच सुरू करून बघा. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर प्रश्न २ मधली टिक-टिक तुम्हाला ऐकू येणार नाही.

२१. कालच नवा डबा बसवला आणि आज धूर-वास येतोय. फसवलं का?

बहुतेक नाही. नव्या पाइपवरचं तेल आणि रंग पहिल्या एक-दोन फेऱ्यांत जळतो. काचा उघड्या ठेवून तासभर चालवा. पन्नास-शंभर किलोमीटर झाल्यावर क्लॅम्प आणि बोल्ट थंड गाडीवर पुन्हा आवळून घ्या, ताप-थंडीने ते सैल पडतात. त्यानंतरही वास आत येत असेल तर फडक्याची चाचणी करा (प्रश्न ३) आणि ज्याने काम केलं त्याच्याकडेच गाडी परत न्या.